सप्लायरनं घरी दिवाळीचा डबा पाठवला, तळाला चांदीचं नाणं निघालं, आता काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरजेच्या एमआयडीसीत परचेसला, म्हणजे खरेदी खात्यात, लागून आठ महिने झालेला पोरगा. वसुबारसेला हा घरी नसताना एका सप्लायरचा माणूस येऊन स्टीलचा डबा देऊन गेला, आईनं घेतला. वर काजूकतली, तिच्या खाली बटरपेपर, त्याच्या खाली २० ग्रॅमचं चांदीचं नाणं आणि ५ हजाराचं गिफ्ट कार्ड. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले "सगळेच घेतात, तू काय हरिश्चंद्र लागून गेलास का". वर त्याच साहेबांच्या वास्तुशांतीला डिपार्टमेंटमधून माणशी ५०० रुपये काढायचं चाललंय. घेऊ का नको, ह्यात कायदा काय म्हणतो, आणि नको तर कसं नको म्हणू, असं पोरगं विचारतंय.

तुला 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. मी १९८९ ला कुपवाडच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला लागलो, मग स्टोअर, मग बरीच वर्षं परचेस, आणि शेवटची सहा वर्षं इंटर्नल ऑडिट करून २०२१ ला रिटायर झालो. म्हणजे माल तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसलो, माल घेणाऱ्याच्या बसलो आणि घेणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्याच्या पण बसलो, आणि तिन्ही खुर्च्यांत असताना दिवाळीचे डबे आले. मी धुतल्या तांदळासारखा आहे म्हणून हे लिहीत नाही, उलट एकदा घेऊन बसलोय म्हणून लिहितोय, ते पुढं सांगतो.

साहेब म्हणतात ते "सगळेच घेतात" हे काय खोटं नाही. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आपल्या एमआयडीसीत जा, छोटा हत्तीत डबे भरून पोरं गेटागेटावर यादी घेऊन उभी असतात. तासगावचे बेदाणे, भडंगची पाकिटं, हळद, ड्रायफ्रूटचे खोके, मोठ्या साहेबांना वेगळ्या पिशवीत वेगळं काहीतरी. दिवाळी झाली की महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मग फेब्रुवारी-मार्चला द्राक्षाची पेटी. खंडेनवमीला मशीनला हार घालायला बोलावलेला सप्लायर पेढे घेऊन येतो, दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं हातात देऊन "सोनं घ्या" म्हणतो, संक्रांतीला तिळगूळ. आपल्याकडं रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायची रीतच नाही, आणि ह्यातल्या प्रत्येक गोष्टीला लाच म्हणत बसलं तर माणसात राहणं अवघड होईल. त्यामुळं मी तुला असं कधीच सांगणार नाही की पेढा पण घेऊ नकोस. पेढा खा. सप्लायर प्लांट बघायला आला आणि त्यानं चहा पाजला, तर चहा पी.

पण मग कुठं थांबायचं, तर लोक लगेच रक्कम विचारतात. पाचशेपर्यंत चालेल का, हजारपर्यंत चालेल का. रकमेचा नियम पॉलिसीत लागतोच, कारण ऑडिटला काहीतरी आकडा हवा असतो, पण माणसाचं मन आकड्यावर चालत नाही बघ. मला जी परीक्षा खरी वाटते ती अशी: उद्या ह्याच माणसाचा लॉट खराब आला, तर त्याच्या तोंडावर "गाडी परत घेऊन जा" हे मला आज जितक्या सहज म्हणता येतंय तितक्याच सहज ही वस्तू घेतल्यावर म्हणता येईल का. येणार असेल तर ती भेट. जीभ जरा जरी जड होणार असेल, तर ती वस्तू पन्नास रुपयाची का असेना, घेऊ नको.

माझी जीभ कशी जड झाली ते सांगतो.

२००२ ची दिवाळी. आम्हाला कोरोगेटेड, म्हणजे पुठ्ठ्याचे, बॉक्स देणारा एक सप्लायर होता, नाव गाव सोडून देऊया. तेव्हा मी इन्स्पेक्शनमध्येच होतो. त्यानं घरी मिक्सर पाठवला, तीन भांड्यांचा. घरी तोपर्यंत एक जुना होता तो जळलेला, बायको शेंगदाण्याचं कूट पाट्यावर करत होती, त्यामुळं मिक्सर आल्यावर घरात जो आनंद झाला त्यात मी काय बोललोच नाही. आणि लक्षात ठेव, त्या माणसानं मला काहीच मागितलं नाही. एक शब्द नाही. पुढचे सहा-सात महिने रोजचा नमस्कार, तब्येत कशी आहे, एवढंच.

मे महिन्यात त्याचा ६०० बॉक्सचा लॉट आला. पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांचा बॉक्स, ड्रॉइंगवर बर्स्टिंग स्ट्रेंग्थ, म्हणजे पुठ्ठा किती दाबाला फाटतो तो आकडा, १० पाहिजे. मी टेस्टरवर तुकडा लावला, फाटला ८.६ ला. दुसरा लावला, ८.८. तिसरा ९.१ आला. आता दुसऱ्या कुणाचा असता तर मी पहिल्या रिडिंगलाच लाल स्टिकर चिकटवून जेवायला गेलो असतो. ह्याचे मी नऊ तुकडे टेस्ट केले. नऊ! का, तर एखादा तरी दहाच्या जवळ यावा म्हणून. आला नाही. तरी रिपोर्टवर "अंडर डेव्हिएशन ओके", म्हणजे कमी आहे पण चालवून घ्या, असं लिहिलं, सही केली, आणि स्वतःला सांगितलं की डिस्पॅच अडलंय, बॉक्स नाहीत तर गाडी उभी राहील, कंपनीचंच नुकसान. हे सगळं खरं होतं बरं का, डिस्पॅच खरंच अडलं होतं. घेतलेल्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

जूनमध्ये पाऊस लागला, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला दमट हवा, सहावर सहा थर रचलेले, खालचे बॉक्स बसले. आतलं मशीनिंग केलेलं कास्टिंग एकमेकाला घासलं. कस्टमरनं डेबिट नोट पाठवली, म्हणजे नुकसान आमच्या नावावर टाकलं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी ट्रान्सपोर्टवाल्याला धुतला, माझ्या रिपोर्टकडं कुणी बघितलं सुद्धा नाही. मी गप्प बसलो. पुढं कितीतरी वर्षं सकाळी चटणी वाटायला तो मिक्सर सुरू झाला की माझ्या पोटात कालवायचं, आणि बायकोला वाटायचं ह्यांना आवाज सहन होत नाही.

पुढच्या दिवाळीला मी त्या माणसाकडं मिक्सरचे पैसे घेऊन गेलो. तो हसला, पाकीट घेतलं, चहा पाजला, आणि महिन्याभरानं तेच पाकीट, त्यातल्या त्याच नोटा, माझ्या पोरीच्या वाढदिवसाला तिच्या हातात ठेवून गेला. एकदा घेतलं की परत करणं किती अवघड असतंय हे तेव्हा कळलं. शेवटी शेजारच्या टेबलवाल्याशी बोलून ह्या सप्लायरचं मटेरियल तपासायचं काम त्याला दिलं, त्याच्याकडचे लॉट मी घेतले, तेव्हा कुठं सुटलो. आणि गंमत म्हणजे माझ्यानंतरच्या माणसानं त्याचे दोन लॉट सरळ परत पाठवले तर तिसऱ्यापासून माल एकदम नीट यायला लागला. म्हणजे त्याला चांगला बॉक्स करता येत नव्हता असं नाही, माझ्यासाठी करायची गरज नव्हती.

म्हणून म्हणतो की सौदा ठरवून घेतलेली लाच ओळखायला सोपी असते. काम अमुक, पैसे तमुक, घेणारा मनातून जाणून असतो आपण काय करतोय ते. न मागता आलेली भेट जास्त खोल जाते कारण तिथं ठरलेलं काहीच नसतं, नुसतं मिंधेपण असतंय, आणि मिंधा माणूस स्वतःच आपणहून कामं शोधून करायला लागतो. "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी" ही म्हण कुणी उगाच काढलेली नाही.

आता कायद्याचं, कारण तू त्याच्याबद्दल पण विचारलंयस आणि ह्यात पोरांचा फार गोंधळ असतो. तू खासगी कंपनीत आहेस, तू काय लोकसेवक नाहीस, त्यामुळं १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा तुझ्या ह्या डब्याला लागत नाही. तुला लागू होतं ते तुझं अपॉइंटमेंट लेटर आणि कंपनीची आचारसंहिता. ते लेटर काढून वाच, नव्वद टक्के लोक सही करतात आणि कपाटात टाकतात. त्यात भेटवस्तूचं कलम असेल तर तू घेऊन नोकरी घालवू शकतोस, आणि साहेब "सगळेच घेतात" म्हणाले होते हे त्या दिवशी साहेबांना आठवणार नाही.

पण तूच जेव्हा देणारा असशील तेव्हा प्रकरण वेगळं. परचेसवाल्याला कधी ना कधी सांगतात की अमक्या सरकारी हापिसातल्या तमक्या साहेबांना दिवाळीचं पोहोचवून ये. २०१८ ला त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून देणारा पण सरळ गुन्हेगार आहे, कलम ८, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि कंपनीसाठी कलम ९ वेगळं आहे. कुणी जबरदस्तीनं द्यायला लावलं असेल तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच देणाऱ्याला त्यातून सूट मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे, पाठ असलेला बरा. "मी फक्त पिशवी पोहोचवायला गेलो होतो" हे वाक्य पेपरात बऱ्याचदा वाचलंय आपण सगळ्यांनी.

आपल्या भागात अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. साखर कारखाना, सूतगिरणी, सहकारी बँक ह्यांचे चेअरमन, सेक्रेटरी असे पदाधिकारी, जर त्या संस्थेला सरकारची आर्थिक मदत मिळालेली असेल तर, ह्याच कायद्यानं लोकसेवक धरले जातात. "ती काय सरकारी नाही, सहकारी आहे" म्हणून आपला सेल्सवाला कारखान्यावर बिनधास्त पाकीट घेऊन जातो, त्याला हे सांगा कुणीतरी.

सरकारी नोकरांचे नियम मात्र वाचण्यासारखे आहेत, खासगीवाल्यांनी पण वाचावेत. केंद्र सरकारचे १९६४ चे वर्तणूक नियम, त्यातला १३ वा नियम. त्यात लग्न, धार्मिक कार्य अशा प्रसंगी जवळच्या नातेवाइकांकडून रीतीप्रमाणं मिळालेला आहेर चालतो, फक्त ठरावीक रकमेच्या वर गेला तर कळवायचं. बाकीच्यांकडून आलेली भेट गट अ आणि ब ला ५ हजारांच्या वर, गट क ला २ हजारांच्या वर असेल तर परवानगी पाहिजे, हे आकडे २०१९ ला वाढवले. साधं जेवण, गाडीतून सोडणं, असला पाहुणचार भेट धरत नाहीत, पण ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांचा थाटाचा किंवा वरचेवर होणारा पाहुणचार टाळायचा. हे "वरचेवर" मला फार आवडतं. एकदा जेवलास तर जेवलास, दर गुरुवारी त्याच ढाब्यावर त्याच माणसाच्या पैशानं तांबडा-पांढरा ओरपत असशील तर ते जेवण राहिलं नाही. राज्य सरकारी नोकरांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत, त्यातही भेटवस्तूंचा वेगळा नियम आहे.

मिरजेत राहतोस म्हणून डॉक्टरांचं पण सांगतो. दवाखान्यांचं गाव आपलं, निम्म्या घरात कुणीतरी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, नाहीतर केमिस्ट. मार्च २०२४ ला औषध कंपन्यांसाठी जी एकसमान संहिता आली त्यात डॉक्टरला किंवा त्याच्या घरच्यांना वैयक्तिक फायद्याची भेट देणं बंद केलंय, माहितीच्या नाहीतर शिक्षणाच्या उपयोगाची वस्तू असेल तर नगाला १ हजार रुपयांच्या आतली. त्याच्या आधी फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की डॉक्टरांना फुकट वाटलेल्या गोष्टींचा खर्च औषध कंपनीला इन्कम टॅक्समध्ये दाखवून वजावट घेता येणार नाही. आणि आपल्यासारख्या कारखानदारीत सुद्धा, भेट म्हणून वाटलेल्या मालावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खरेदीला भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तुझ्या सप्लायरचा अकाउंटंट दिवाळीत डोकं धरून बसलेला असतो तो त्यामुळं.

आता तुला सप्लायरच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो जी परचेसमधली माणसं कबूल करत नाहीत. तो डबा का पाठवतो? ऑर्डर मिळावी म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. माझ्या अनुभवात लहान सप्लायर, म्हणजे दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन टाकून बसलेला, भाचा आणि मेव्हणा कामाला असलेला, तो बहुतेक वेळा डबा देतो तो बिल सुटावं म्हणून. माल देऊन चार महिने झाले, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झालाय का विचारलं तर स्टोअरवाला म्हणतो क्वालिटीकडं आहे, क्वालिटीवाला म्हणतो अकाउंटला पाठवलं, अकाउंटवाला म्हणतो साहेबांची सही नाही. मग त्यानं काय करायचं? प्रत्येक टेबलाला एकेक डबा. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यात, २००६ च्या, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे लिहिलंय, आणि इन्कम टॅक्सला पण आता मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत. मी ऑडिटला असताना एकदा गेटवरच्या नोंदीवरून दिवाळीच्या डब्यांची यादी आणि बिलं किती दिवस अडकली त्याची यादी शेजारी ठेवून बघितली. शास्त्र वगैरे काही नाही, एक्सेलमध्ये दोन कॉलम. ज्यांची बिलं जास्त रखडलेली त्यांचेच डबे मोठे. मॅनेजमेंटला दाखवलं तेव्हा एक मिनिट कुणी काही बोललं नाही, मग एक साहेब म्हणाले "एसी जरा वाढवा".

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. गणपती झाले की सगळ्या सप्लायरना पत्र, दिवाळीला भेट आणू नका, आणि त्याच पत्रात कुणाचं बिल ४५ दिवसांच्या वर असेल तर ह्या नंबरला कळवा. नुसतं पहिलं वाक्य लिहिलं तर लोकांना वाटतं भेटीचा रेट वाढवून मागतायत. दुसरी गोष्ट, तरी जे यायचं ते येतंच, ते सगळं गेटवरच इनवर्ड करायचं, एक रजिस्टर, तारीख, कुणाकडून, कुणाच्या नावानं, काय आहे, अंदाजे किंमत. खायचं ते त्याच दिवशी कँटीनला, एका वर्षी इतके बेदाणे आले की आठवडाभर शिऱ्यात शिरा कमी आणि बेदाणे जास्त. राहिलेल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या टाकायच्या, वॉचमन आणि कंत्राटी पोरांची नावं धरून. पहिल्या वर्षी डिनर सेट गेटवरच्या मामांना लागला, आमचे मार्केटिंगचे साहेब जरा नाराज होते, त्यांच्या नावानं आला होता तो.

हे सगळं लिहिलं म्हणजे गोष्ट सरळ आहे असं समजू नकोस. एक प्रसंग असा आहे की मला आजही त्याचं उत्तर सापडलेलं नाही. ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा पूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. रात्री पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं, आई ८४ वर्षांची, लाइट गेलेली. पहाटे बोट घेऊन आला कोण, तर आमचा एक फॅब्रिकेशनचा व्हेंडर, कुठनं तरी खटपट करून. आईला त्यानं स्वतः उचलून घेतलं. पुढचे नऊ दिवस आम्ही पाच माणसं मिरजेला त्याच्या घरात होतो, त्याच्या बायकोनं आईचं सगळं केलं, औषधाची पट्टी संपली तर रात्री केमिस्ट उठवून आणली. हे कुठल्या रजिस्टरात लिहिणार? अंदाजे किंमत काय टाकणार?

मी नको म्हणायला पाहिजे होतं असं म्हणणाऱ्या माणसाच्या जिन्यात पाणी आलेलं नाही एवढंच मी म्हणेन. पण ऑफिस सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी मी मॅनेजमेंटला मेल टाकली, असं असं झालंय, ह्यांच्या उपकारात मी आहे, ह्यापुढं ह्यांची फाइल मी तपासणार नाही, दुसऱ्याला द्या. आम्ही दोघं जाऊन त्याच्या बायकोची ओटी भरून आलो. पुढच्या वर्षी त्या फाइलवर माझ्या जागी आलेल्या पोरीनं त्याच्या बिलात एकच भाडं दोनदा लावलेलं पकडलं, मुद्दाम का चुकून ते देव जाणे. त्याचा मला फोन आला. मी म्हणालो, दादा, ती फाइल माझ्याकडं नाही आणि असती तरी हेच झालं असतं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "साहेब, पाण्यात आम्ही बिल बघितलं नव्हतं." फोन ठेवला. अजून दिवाळीला मी त्याच्या घरी जातो, तो पण येतो, पण त्या वाक्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. त्या मेलचा मला पश्चात्ताप नाही, त्या पोरीनं केलं ते बरोबरच केलं, आणि तरीसुद्धा त्याचं वाक्य पण खोटं नव्हतं.

आता तुझ्या साहेबांची वास्तुशांत. खरं सांगू, सप्लायरच्या डब्यापेक्षा मला ही माणशी ५०० ची वर्गणी जास्त खटकते, कारण डबा तू परत करू शकतोस, साहेबाला नाही म्हणणं तुला परवडत नाही. जो तुझी अप्रेझल लिहितो त्याच्यासाठी गोळा होणारी वर्गणी "ऐच्छिक" असते म्हणजे काय असते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी दिले कुणी नाही ह्याची यादी फिरायला लागली की झालंच. १२ हजार पगारावरचा हेल्पर आणि ९० हजारवाला मॅनेजर दोघांना तेच ५००. मी पण ह्यात दोषी आहे बरं, माझ्या सेंड-ऑफला पोरांनी वर्गणी काढून सोन्याची अंगठी दिली, मी डोळ्यात पाणी आणून घेतली, आणि वर्षभरानं कळलं की कंत्राटातल्या एका पोराकडनं पण ३०० घेतले होते, त्या महिन्यात त्याचा खाडा होता. मला आधी विचारायला काय झालं होतं? तेव्हा तुझं वर्गणी गोळा करणाऱ्याशी पटत असेल तर त्याला एवढं सुचव की एक पाकीट फिरव, वर नावं नकोत, आकडा नको, ज्याला जे टाकायचं ते टाकेल, कंत्राटी पोरांपर्यंत पाकीट न्यायचंच नाही. पटत नसेल तर ५०० दे आणि गप्प बस, नोकरीच्या आठव्या महिन्यात प्रत्येक लढाई लढायची नसते. वास्तुशांतीला मात्र जा, प्रसाद घे, नारळ दे.

वरून खाली येणाऱ्या भेटीचं फार नाही. कंपनी सगळ्यांना सारखा मिठाईचा बॉक्स देते त्यात काही अडचण नाही. साहेबानं एकट्यानं एका कुणाला, आणि ती ज्युनिअर बाई असेल तर साडी-बिडी, असलं काही देऊ नये, मग मनात काहीही असू दे, घेणारीला नाही म्हणायची सोय नसते.

राहिला तुझा डबा. काजूकतली आईनं शेजारीपाजारी वाटली असेल तर त्याचा विचार करत बसू नको, खाल्लं ते खाल्लं. नाणं आणि कार्ड परत द्यायचं, आणि लवकर, तुळशीच्या लग्नाआधी, कारण जितके दिवस कपाटात राहील तितकं ते आपलं वाटायला लागतं. आधी साहेबांना दोन ओळींची मेल: अमुक तारखेला घरी अमुक आलं, मिठाई ठेवली, बाकीचं मी परत करतोय. त्यात "मला हे चुकीचं वाटतं" वगैरे काही लिहू नको, साहेब पण घेत असतील तर तो त्यांना टोमणा वाटेल आणि तुझं काम वाढेल. नुसती माहिती.

मग स्वतः जा. कुरिअरनं पाठवू नको, पोराबरोबर पाठवू नको. ऑफिसमध्ये चार लोकांसमोर पण देऊ नको, त्या माणसाचा अपमान होतो, आणि त्यानं रीत पाळली होती त्याच्या मते. सुट्टीच्या दिवशी त्याच्या वर्कशॉपला नाहीतर घरी. काय बोलायचं ते पण सांगतो, मी हेच बोलायचो: "मिठाई पोचली, आईला आवडली. हे तेवढं ठेवा, मी नवीन आहे, कंपनीत लिहून द्यायला लागतंय, उगाच तुमचं नाव रजिस्टरला नको." तो म्हणेल अहो प्रेमानं दिलंय, तू म्हण प्रेम पोचलं. तो म्हणेल तुमच्या आधीचे साहेब घ्यायचे, त्याला उत्तर देऊ नको, आधीच्या साहेबांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आणि उठायच्या आधी विचार, तुमचं कुठलं बिल अडकलंय का. असेल तर सोमवारी त्याच्या मागं लाग, मुदत उलटून गेली असेल तर. मुदतीत असेल तर त्याला तारीख सांग.

आणि डबा स्टीलचा आहे म्हणालास, म्हणजे तो पण परत जाणार. आईला सांग, रिकामा देऊ नका, घरच्या चकल्या घाला. माझ्या बायकोनं तसं केलं होतं एकदा, त्या माणसाचा अजून फोन येतो, भाजणीचं प्रमाण विचारायला.